कोरी डीव्हीडी घेताना: डब्यावरचे नाव आणि आतला माल

माझ्या कपाटात एकाच ब्रँडचे, प्रत्येकी ५० डीव्हीडींचे दोन डबे आहेत. ते एकाच दुकानातून, काही महिन्यांच्या अंतराने घेतले होते आणि दोन्हींवरचे चित्र, रंग व किंमत अगदी सारखी होती. तळाशी बारीक अक्षरांत छापलेले उत्पादनाचे देश मात्र वेगवेगळे होते. पहिल्या डब्यातल्या डिस्क आजही सुरळीत वाचल्या जातात. दुसऱ्या डब्यातल्या काही डिस्कवर सर्वांत शेवटी साठवलेली छायाचित्रे चार वर्षांतच उघडेनाशी झाली. ब्रँडचे नाव येथे देण्यात अर्थ नाही, कारण त्या ब्रँडने या दोन्हींपैकी एकही डिस्क स्वतः बनवलेली नव्हती. कोऱ्या डिस्कच्या बाजारात हे अपवादाने नव्हे, सर्रास घडते आणि खरेदीतला बहुतेक घोळ येथूनच सुरू होतो.

तो घोळ समजून घेण्याआधी घरी ‘राईट’ केलेली डिस्क म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागेल. दुकानात मिळणारी चित्रपटाची डीव्हीडी साच्यात दाबून काढलेली असते. तिच्यावरचे सूक्ष्म खड्डे प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात. कोऱ्या डिस्कमध्ये असे खड्डे नसतात. तिच्यात सर्पिलाकार जाणारी एक अतिशय बारीक खाच असते (सीडीवर ती उलगडली तर तिची लांबी सुमारे ५ किलोमीटर भरेल) आणि त्या खाचेवर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर दिलेला असतो. राईट करताना लेसर किरण हा थर जागोजागी तापवतो, तेथील रंगद्रव्य कायमचे बदलते आणि त्या ठिकाणाहून प्रकाश कमी परावर्तित होतो. वाचणारा प्लेयर कमी-जास्त प्रकाशाचा हा फरकच माहिती म्हणून वाचतो. याचा अर्थ, आपल्या लग्नाचे चित्रीकरण किंवा आजोबांच्या आवाजाची नोंद एका रंगाच्या थरात साठलेली असते, आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनी कपड्याचा रंग जसा उतरतो तसा हा रंगही कालांतराने उतरू शकतो.

रंगद्रव्याच्या मागे परावर्तक धातूचा थर असतो. तो बहुधा चांदीचा आणि क्वचित, महागड्या डिस्कमध्ये, सोन्याचा असतो. चांदी प्रकाश उत्तम परतवते, पण हवेतील गंधकयुक्त वायू आणि ओलावा यांनी ती काळवंडते. घरातली चांदीची भांडी काळी पडतात तसाच हा प्रकार आहे. सोने गंजत नाही, म्हणूनच संग्रहालयांसाठी आणि ग्रंथालयांसाठी सोन्याच्या थराच्या सीडी बनवल्या गेल्या. सीडीमध्ये हा धातूचा थर वरच्या, म्हणजे नाव लिहायच्या, बाजूला अगदी लगत असतो आणि त्याच्यावर केवळ लाखेसारख्या द्रव्याचा एक पापुद्रा असतो. त्यामुळे आपण ज्या चकचकीत बाजूला जिवापाड जपतो तिच्यावरचा ओरखडा बहुधा निभावून जातो, आणि ज्या बाजूवर बॉलपेनने खुशाल नाव लिहितो तेथला ओरखडा मात्र थेट माहिती खरवडून काढतो. डीव्हीडीची रचना याहून सुरक्षित आहे, कारण तिच्यात ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्या मधोमध असतो. मात्र तेथे चिकटवण्याचा दर्जा महत्त्वाचा ठरतो; डिंक कडेपर्यंत नीट पसरला नसेल तर हवा आणि ओल आत शिरते.

सीडीसाठी रंगद्रव्याच्या तीन जाती मुख्यत्वे वापरल्या गेल्या. जपानच्या तैयो युदेन या कंपनीने १९८८ मध्ये पहिली कोरी सीडी विकसित केली, तेव्हा सायनाइन हे रंगद्रव्य वापरले होते. मित्सुई या दुसऱ्या जपानी कंपनीने थॅलोसायनाइन आणले, तर मित्सुबिशी केमिकलने अॅझो. सायनाइनची सीडी हिरवट किंवा निळसर दिसते, अॅझोची गडद निळी, आणि थॅलोसायनाइनची जवळजवळ रंगहीन, किंचित पिवळट. प्रकाशासमोर टिकून राहण्यात थॅलोसायनाइन सरस मानले जाते आणि साधे सायनाइन सर्वांत नाजूक. पण साध्या सायनाइनमध्ये स्थिरता आणणारी द्रव्ये मिसळून तैयो युदेनने इतका उत्तम माल दिला की अनेक वर्षे जाणकार मंडळी त्याच नावाचा शोध घेत असत. तेव्हा केवळ रंगद्रव्याच्या नावावरून निर्णय करता येत नाही. ते किती सारखेपणाने पसरवले आहे आणि कारखान्यात किती काटेकोर तपासणी होते, यावर अधिक अवलंबून असते. डीव्हीडीच्या बाबतीत तर रंग पाहून काहीच कळत नाही, कारण जवळपास सर्वच जांभळ्या दिसतात. एके काळी काळ्या प्लास्टिकच्या सीडी ‘खास’ म्हणून विकल्या जात. तो रंग प्लास्टिकचा होता, माहितीच्या थराशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जगात कोऱ्या डिस्क विकणारे ब्रँड डझनावारी झाले, पण त्या प्रत्यक्ष बनवणारे कारखाने थोडेच होते. तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्स आणि रायटेक, जपानच्या तैयो युदेन आणि मित्सुबिशी केमिकल, आणि नोएडा परिसरात कारखाने असलेली आपली मोझर बेअर ही त्यांतील मोठी नावे. मराठी घरांत मोझर बेअर हे नाव चित्रपटांच्या स्वस्त सीडी-डीव्हीडींमुळे पोहोचले, पण कोऱ्या डिस्कच्या जागतिक उत्पादकांमध्ये तिची गणना होत असे आणि तिच्या डिस्क परदेशी ब्रँडच्या वेष्टनातही विकल्या जात. ब्रँडचा मालक ज्या कारखान्याकडून माल परवडेल त्याच्याकडून तो उचलतो, पुढच्या खेपेला कारखाना बदलतो आणि वेष्टन मात्र तेच ठेवतो. व्हर्बेटिम या नावाचेच पाहा. हा ब्रँड मित्सुबिशी केमिकलचा असताना त्याच्या अॅझो मालिकेतील डिस्क मित्सुबिशीच्या सूत्रानुसार बनत, जरी त्यांतल्या अनेक सीएमसी किंवा मोझर बेअरच्या कारखान्यांतून येत. त्याच ब्रँडच्या ‘लाइफ सिरीज’ या स्वस्त मालिकेत मात्र कारखान्याचेच स्वतःचे रंगद्रव्य असे. एकाच नावाखाली, एकाच फळीवर, दोन भिन्न प्रतींचा माल विकला जात होता.

शिवाय २०१५ पासून हा सारा नकाशाच बदलला आहे. तैयो युदेनने २०१५ अखेर हा व्यवसाय बंद केला आणि तिचे तंत्रज्ञान सीएमसीकडे गेले. मोझर बेअरच्या अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याचा, आदेश २०१८ मध्ये निघाला. मित्सुबिशी केमिकलने व्हर्बेटिमचा व्यवसाय सीएमसीला विकण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर केला. पॅनासॉनिकने २०२३ च्या फेब्रुवारीत आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. म्हणून पंधरा वर्षांपूर्वी कोणी छातीठोकपणे दिलेला ‘अमुकच घ्या’ हा सल्ला आज तसाच लागू करता येत नाही. नाव तेच राहिले असेल, कारखाना तोच असेल असे नाही.

मग आतला माल ओळखावा कसा? प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्यातच एक ओळखसंकेत आधीपासून नोंदलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण संगणकाचा ड्राइव्ह तो वाचू शकतो. विंडोजवर इम्गबर्न या विनामूल्य प्रोग्राममध्ये कोरी डिस्क घातली की उजव्या बाजूच्या तपशिलात हा संकेत दिसतो. उदाहरणार्थ, ‘एमसीसी ००४’ हा मित्सुबिशीच्या १६ एक्स (मूळ वेगाच्या सोळापट) वेगाच्या डीव्हीडी प्लस आर डिस्कचा संकेत, ‘टीवायजी०३’ हा तैयो युदेनच्या १६ एक्स डीव्हीडी मायनस आरचा (प्लस आर आणि मायनस आर हे कोऱ्या डीव्हीडीचे दोन प्रकार, त्यांच्याविषयी पुढे). ‘एमबीआय’ने सुरू होणारे मोझर बेअरचे, ‘सीएमसी मॅग’ने सुरू होणारे सीएमसीचे आणि ‘रायटेक’ने सुरू होणारे रायटेकचे. रायटेकच्याच ‘जी०५’ या ८ एक्स मालाबद्दल लोकांचे अनुभव वाईट होते. राईट केल्यावर ठीक असलेल्या डिस्क काही काळाने वाचेनाशा होत. त्याच कंपनीच्या इतर मालाची अशी ओरड नव्हती. म्हणजे केवळ कंपनीचे नाव पुरत नाही, नेमका संकेत पाहावा लागतो.

या संकेताचे महत्त्व ओळख पटवण्यापुरते नाही. डिस्क राईट करताना लेसरची शक्ती किती ठेवायची, ती किती वेळ चालू ठेवायची आणि केव्हा तोडायची, याची कृती ड्राइव्हच्या अंतर्गत प्रोग्राममध्ये प्रत्येक ज्ञात संकेतासाठी वेगवेगळी लिहिलेली असते. पुरणाला आणि श्रीखंडाला साखर सारखी घालून चालत नाही, तसेच हे आहे. संकेत अनोळखी असेल तर ड्राइव्ह सर्वसाधारण कृती वापरतो आणि काम जेमतेम उरकते. बनावट मालात खरा धोका येथे असतो: एखादा निकृष्ट कारखाना आपल्या डिस्कवर नामांकित कंपनीचा संकेत उतरवतो, ड्राइव्ह त्याच्यावर विश्वास ठेवून दुसऱ्याच रंगद्रव्यासाठी आखलेली कृती वापरतो आणि डिस्क पहिल्याच दिवशी अर्धी बिघडलेली निघते. तैयो युदेनच्या नावाची अशी नक्कल भरपूर झाली. तेव्हा संकेत चांगला दिसला म्हणून थांबू नये. डिस्क उजेडासमोर तिरकी धरून पाहावी. रंगाचा थर कडेच्या थोडा अलीकडे, सगळीकडे सारख्या अंतरावर संपतो का, मध्ये ठिपके, बुडबुडे किंवा पट्टे आहेत का, मधल्या पारदर्शक कड्यावर क्रमांक आहे का, हे नुसत्या नजरेनेही कळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्ट्या, वेष्टन नसलेल्या डिस्क मोजून मिळत असत. गाण्यांची सीडी गाडीत वाजवून टाकून द्यायची असेल तर त्या उत्तमच, पण ज्या डिस्कच्या डब्यावर उत्पादकाचा ठावठिकाणा नाही तिच्यावर जपून ठेवायचे काही साठवू नये. कारखान्याच्या तपासणीत नापास झालेला मालही अशा सुट्ट्या विक्रीतूनच खपवला जातो.

प्रकार निवडण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. डीव्हीडी मायनस आर हा प्रकार आधीचा, त्यामुळे घरातल्या जुन्या प्लेयरमध्ये तो चालण्याची शक्यता अधिक. प्लस आरमध्ये खाचेतील स्थाननिर्देशाची पद्धत अधिक भक्कम आहे, त्यामुळे संगणकावरील संग्रहासाठी मी तो पसंत करतो. दोन्हींची क्षमता ४.७ जीबी लिहिलेली असते, पण संगणक ती सुमारे ४.३८ जीबी दाखवतो. यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पुन्हा पुन्हा पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क तात्पुरत्या कामापुरत्याच वापराव्यात. ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्कमध्ये पहिल्या थरातून आरपार जाऊन दुसरा थर राईट करावा लागतो, त्यामुळे त्यांत बिघाडाला जागा जास्त. त्या काळात ‘एमकेएम ००१’ आणि ‘एमकेएम ००३’ या संकेतांच्या मित्सुबिशीच्या डिस्क सोडल्या तर मी इतरांच्या वाटेला गेलो नाही, आणि आजही दोन साध्या डिस्क वापरणे अधिक शहाणपणाचे समजतो. ब्लू-रेमध्ये दोन जाती आहेत. एचटीएल जातीत असेंद्रिय पदार्थांचा थर असतो, तर एलटीएच जातीत डीव्हीडीसारखे सेंद्रिय रंगद्रव्य. जपून ठेवण्यासाठी पहिलीच घ्यावी. एलटीएच असेल तर तसे बहुधा वेष्टनावर छापलेले असते.

‘हजार वर्षे टिकणारी’ म्हणून विकली जाणारी एम-डिस्क हा वेगळा विषय आहे. अमेरिकेतील मिलेनियाटा या कंपनीने काढलेल्या या डिस्कमध्ये रंगद्रव्याऐवजी दगडासारखा कठीण, असेंद्रिय थर असतो. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक येथील केंद्राने २००९ मध्ये ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत प्रखर प्रकाशाखाली केलेल्या चाचणीत ती तरली आणि तुलनेला घेतलेल्या इतर डीव्हीडी नापास झाल्या. उलट फ्रान्सच्या राष्ट्रीय मापन आणि चाचणी प्रयोगशाळेने ९० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत घेतलेल्या चाचणीत या जातीची डीव्हीडी सामान्य डीव्हीडीपेक्षा जास्त टिकली नाही. दोन्ही चाचण्या प्रामाणिक असू शकतात, कारण पहिलीत प्रकाशाचा मारा होता आणि रंगद्रव्याचा तोच मोठा शत्रू आहे. अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या डिस्कसाठी एम-डिस्कच्या डीव्हीडीचे जादा पैसे मोजण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

चांगली डिस्क आणूनही राईट करण्यात घाई केली तर काय उपयोग? १६ एक्स लिहिलेल्या डीव्हीडीवर मी ८ एक्स वेग निवडतो आणि ५२ एक्सच्या सीडीवर १६ ते २४ एक्स. सगळ्यांत कमी वेग सगळ्यांत चांगला, ही समजूत चुकीची आहे, कारण आजच्या डिस्कचे रंगद्रव्य वेगवान राईटिंगसाठीच बनवलेले असते आणि फार संथ वेगात ते नको तेवढे तापते. डिस्क आतून बाहेरच्या दिशेने भरत जाते आणि बाहेरच्या कडेला रंगाचा थर सर्वांत असमान असतो. माझ्या दुसऱ्या डब्यातल्या डिस्कवर शेवटचीच छायाचित्रे गेली, त्याचे कारण हे. तेव्हापासून मी महत्त्वाची डिस्क काठोकाठ भरत नाही. सुमारे ४ जीबीवर थांबतो.

राईट झालेली डिस्क लगेच उघडली म्हणून ती चांगली, असा निष्कर्ष काढता येत नाही. हा या विषयातला सर्वांत फसवा भाग आहे. प्रत्येक डिस्कवर मूळ माहितीबरोबर चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती लिहिलेली असते. तिच्या आधाराने सीडीच्या खाचेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा गेला तरी प्लेयर तो जसाच्या तसा भरून काढतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे निकृष्ट डिस्क बाहेरून ठणठणीत दिसते, आत मात्र तिची दुरुस्तीची शिल्लक जवळपास संपलेली असते. रंग थोडा उतरला की एक दिवस ती एकदम बंद पडते. ही शिल्लक मोजता येते. सीडीमध्ये सी१ प्रकारच्या, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात सापडणाऱ्या, चुका सेकंदाला सरासरी २२० पर्यंत चालतात, असे मानक सांगते, पण चांगल्या डिस्कमध्ये त्या याच्या कितीतरी खाली असतात आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचणारी सी२ चूक एकही नसावी. डीव्हीडीमध्ये पहिल्या टप्प्यातल्या पीआय चुकांची मर्यादा आठ ब्लॉकमागे (ब्लॉक म्हणजे माहितीचा ठरावीक गट) २८० आणि त्या टप्प्यात दुरुस्त न झालेल्या पीआयएफ चुकांची एका ब्लॉकमागे ४ अशी आहे. लाइटऑन, बेनक्यू किंवा प्लेक्सटर यांचा जुना ड्राइव्ह हाती असेल तर नीरो डिस्कस्पीड किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल या प्रोग्राममध्ये या चुकांचा आलेख पाहता येतो. सर्वच ड्राइव्ह हे आकडे देत नाहीत. तेथे वाचनाच्या वेगाचा आलेख पाहावा. तो आतून बाहेर सलग चढत गेला पाहिजे, आणि मध्ये दाते पडले तर ड्राइव्ह तेथे अडखळून पुन्हा वाचतो आहे असे समजावे. एवढेही जमत नसेल तर राईट करताना ‘व्हेरिफाय’ची (लिहिलेले पुन्हा वाचून पडताळण्याची) खूण करायला विसरू नये आणि ती डिस्क घरातल्या दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये पूर्ण कॉपी करून पाहावी. जागा शिल्लक असेल तर डीव्हीडिझास्टर या विनामूल्य प्रोग्रामने दुरुस्तीची आणखी माहिती त्याच डिस्कवर घालता येते.

आपल्याकडे साठवणुकीचा प्रश्न युरोप-अमेरिकेहून बिकट आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दीर्घकाळ जतनासाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. जुलैतल्या रत्नागिरीत किंवा पणजीत हे आकडे वाचून हसू येईल. तरीही काही गोष्टी हातात असतात. डिस्क बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि त्या पुड्या पावसाळ्याआधी बदलाव्यात. प्रत्येक डिस्क कडक डबीत, पुस्तकासारखी उभी असावी. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत त्या दमट हवेत चिकटतात. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायची सवय असेल तर हे कपाट त्यातून वगळावे, कारण नॅप्थॅलीनच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते. नाव लिहायला सीडीसाठी मिळणारे पाण्याच्या शाईचे पेन वापरावे आणि कागदी लेबल मुळीच चिकटवू नये. ते एका बाजूने सुटले की फिरताना डिस्कचा तोल जातो. बुरशी हे केवळ कॅसेटचे दुखणे आहे असेही समजू नये. मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण आणि दमट देशातून आणलेल्या सीडीचे थर बुरशीने अक्षरशः खाल्ल्याचे स्पॅनिश शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये नोंदवले आहे.

जुना माल मिळाला म्हणून हुरळून जाण्याआधी आणखी एक गोष्ट. बंद पडलेल्या नामांकित कारखान्याचे सीलबंद डबे अजूनही चढ्या भावाने विकले जातात. परंतु रंगद्रव्य न राईट केलेल्या डिस्कमध्येही जुने होत असते आणि वर उल्लेखलेल्या मार्गदर्शिकेत कोऱ्या डिस्कचे आयुष्य ५ ते १० वर्षे असे सावधपणे धरले आहे. राईट केल्यानंतरच्या आयुष्याचे दावे याच्या अनेकपट आहेत, म्हणून कोऱ्या डिस्क साठवून ठेवण्यापेक्षा गरजेपुरता छोटा, ताजा डबा आणावा, त्यातली पहिली डिस्क राईट करून तपासावी आणि ती समाधानकारक निघाली तरच उरलेल्यांवर महत्त्वाचे काही टाकावे. माझ्याकडे यासाठी एक साधी वही आहे. प्रत्येक डब्याचा संकेत, मधल्या कड्यावरचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि त्यावर काय राईट केले हे मी तिच्यात लिहितो, त्याच मजकुराची दुसरी प्रत वेगळ्या संकेताच्या डिस्कवर आणि तिसरी हार्ड डिस्कवर ठेवतो, आणि दर दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक डब्यातल्या दोन डिस्क काढून तपासतो. ज्या डब्यातल्या एखाद्याही डिस्कच्या चुका मागच्या वर्षापेक्षा ठळकपणे वाढलेल्या दिसतात, त्या डब्यातल्या सगळ्याच डिस्क त्या सुट्टीत नव्याने उतरवून घेतो.